मुलीचे वडील नेमकं काय करतात

।। श्री बालाजी प्रसन्न ।।

मु. खैरखेड बुद्रुक, देऊळगाव राजाजवळ
शुक्रवार, भाकरी टाकून झाल्यावर

सौ. विहीणबाई आशाबाई यांना रुक्मिणीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमच्या मालकांना, कारभारीअण्णांना, आणि घरातल्या थोरामोठ्यांना वाकून नमस्कार सांगावा. तुमचा गुडघा कसा आहे? मी सांगितलेलं तेल लावलं नसेलच, तुम्ही ऐकत नाही. इकडं सगळे खुशाल आहेत, असं पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणाल तर आमची पोर छकुली दोन दिवसांपासून ताटाला नुसता हात लावून उठते, आमच्या यांचा आवाज बसला आहे आणि माझं डोकं उठलं आहे. म्हैस तेवढी खरोखर खुशाल आहे. पत्र लिहायचं कारण असं की तुम्ही फोन उचलत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा काना-मात्रा तुमच्या तुम्ही लावून घ्या आणि अक्षराला नावं ठेवू नका. नावं ठेवायला पुढं पुष्कळ आहे.

तुमचा निरोप मोबाइलवर आला तो मी तीनदा ऐकला. (एकदा मी ऐकला, एकदा यांनी, एकदा शेजारणीनं, कारण आमच्या फोनचा आवाज मोठाच आहे आणि कमी कसा करायचा ते छकुलीलाच येतं.) तुम्ही म्हटलं, "पहिले पोरीचे वडील अकाउंटंट सांगतले. मंग कोणीतरी बँडमधी पाह्यले. आता पोस्टरवर दिसून राह्यले. ते नेमकं करतात काय, हेच आमाले समजून नाही राह्यलं. तवा तारखेची घाई करू नका." विहीणबाई, तुमचं विचारणं रास्त आहे. कुंकू लावलं म्हणजे लग्न झालं असं नाही, आणि तुमचा दीपक लाखात एक आहे हे मी तुमच्या तोंडावरही कबूल केलं आहे. पण तुमचे चुलतभाऊ भगवानराव यांनी तुम्हाला फोनवर जे सांगितलं ते अर्धं आहे, आणि तेही त्यांच्या सोयीचं अर्धं. बाकीचं अर्धं मी सांगते. मधे उठू नका.

तर हे अकाउंटंट होते ते खोटं नाही. देऊळगाव राजाच्या एका कापसाच्या जिनिंगात बावीस वर्षं मुनीम होते आणि लोक अजूनही मुनीमसाहेबच म्हणतात. माणूस सरळ आहे, पण चूक दिसली की ती सांगितल्याशिवाय घास गिळत नाही. आमच्या लग्नात अक्षता पडल्यावर सगळे जेवायच्या पंगतीकडं धावले, आणि नवरदेव भटजीचं उपरणं धरून सांगत होता की तुम्ही चौथं मंगलाष्टक दोनदा म्हटलं. भटजी म्हणाले, बरंच झालं की, संसार जास्त पक्का होईल. यांना ते पटलं नाही, आणि अजून पटलेलं नाही. पुढं जिनिंगच्या मालकानं जिनिंग विकलं, मशिनी जालन्याला गेल्या आणि हे घरी आले. घरात बसलेला मुनीम काय असतो ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. चहापत्ती लवकर का संपते, काडेपेटीत काड्या कमी का निघतात, शेजारीण साखर घेऊन गेली ती आणून का देत नाही. मी एक दिवस हातात लाटणं घेऊन सांगितलं, की तुम्ही कुठंही जा, काहीही करा, पण दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत या घरात दिसू नका. तेव्हा विहीणबाई, यांना बाहेर काढणारी मीच. बाहेर जाऊन ते एवढं लांब जातील हे मला काय ठाऊक.

त्याच आठवड्यात फकीर मोहम्मद आमच्या ओट्यावर येऊन बसले. हे मूळचे सुलतानपूरचे, त्यांचा ब्रास बँड आहे. माणूस देवासारखा, वाजवणं त्याहून चांगलं, पण डोक्यात तारीख राहत नाही. त्यांनी एकाच दिवसाची, एकाच मुहूर्ताची दोन लग्नं घेऊन ठेवली होती. मग व्हायचं तेच झालं. एका नवरदेवाला मारुतीच्या पारापर्यंत वाजत नेलं आणि तिथं घोड्यावर सोडून सगळे टेम्पोत बसून दुसऱ्या लग्नाला गेले. तो नवरदेव मारुतीपुढं घोड्यावर तसाच, आणि भोवती वऱ्हाड एकमेकांकडं पाहून राह्यलं. दुसऱ्या लग्नात टेम्पो पोचला तर नवरी सासरी निघालेली. दोन्हीकडून मार खाऊन फकीरभाई आले होते. म्हणाले, "भाभी, साहब को बोलो ना जरा. मले वाजवता येते, पण कोणच्या दिवशी वाजवाचं ते नाही समजत." यांचा चेहरा असा उजळला, की आमच्या लग्नातही मी तसा पाहिला नव्हता.

पहिला हंगाम सुरळीत गेला. कोणतं लग्न कुठं, टेम्पो किती वाजता, ढोलवाला कोणत्या गावातून घ्यायचा, सगळं यांनी बसवलं. मी खुश होते, दिवसभर घर मोकळं. पण बँडची एक गंमत तुम्हाला माहीत नसेल. लग्नवाला म्हणतो, पंचवीस माणसं पाहिजेत. वाजवणारे असतात पंधरा. मग बाकीचे कोण? तर बाकीच्यांना तेच लाल कपडे घालतात, तीच टोपी देतात, हातात पितळी वाद्य देतात आणि नुसते गाल फुगवून चालायला लावतात. फुंकायचं नाही. फुंकलं तर वाजेल आणि सगळा बिघाड होईल. बँडवाले यांना भरतीचे म्हणतात. सगळ्या बँडमध्ये असतात, लग्नवाल्यालाही माहीत असतं, आणि रांग लांब दिसली की तोही समाधानी असतो. एकदा भरतीचा एक माणूस तापानं आडवा झाला. फकीरभाई यांना म्हणाले, "साहब, कुछ नहीं करना है. पकड के चलो बस."

मी त्या दिवशी भाजी घ्यायला देऊळगाव राजात होते. समोरून वरात आली म्हणून पिशवी सांभाळत बाजूला झाले. पाहते तर तिसऱ्या रांगेत आमचे हे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पँट घोट्याच्या वर, आणि गळ्यात ते अजगरासारखं गुंडाळलेलं पितळी भोंगं. चष्मा तसाच. गाल असे फुगवलेले की मला वाटलं दाढ सुजली. त्यांनी मला पाहिलं, विहीणबाई. पाहून पाऊल चुकवलं नाही आणि गालही खाली केले नाहीत. घरी आल्यावर मी विचारलं, की फुंकायचंच नव्हतं तर एवढे गाल काऊन फुगवले? तर म्हणतात, रांगेत उभं राहिलो तर रांगेसारखं दिसलं पाहिजे. पुढं लोकच मागायला लागले, की ते चष्मेवाले साहेब पाहिजेत, त्यांच्यानं बँडला वजन येतं. खऱ्या वाजवणाऱ्यांकडं कोणी पाहत नव्हतं. (आमच्या गल्लीतल्या पोरी मला पाहिलं की गाल फुगवायच्या. एकीची वेणी मी ओढली, तेव्हा थांबलं.) बँडमध्ये पाहिले असं तुम्हाला ज्यानं सांगितलं त्यानं खरंच सांगितलं. पण ऐकले असं कोणी सांगितलं तर तो खोटारडा.

आता तुमच्या भावाकडं येते. भगवानरावांना दोन मुली, त्यांच्या पाठीवर तिसरं लेकरू मुलगा झाला. केवढा आनंद. बारशाला फकीरभाईंचा बँड, पुरी पंचवीस माणसं, वर घोडी. पाळण्यातल्या लेकराच्या बारशाला घोडी कशाला असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. घोडीवर भगवानराव स्वतः बसले. फेटा बांधून गावातून फिरले आणि पेढे वाटले. तुम्ही गुडघ्यामुळं आला नव्हता, नाहीतर पाहिलं असतं. त्या मिरवणुकीत त्यांची नजर आमच्या यांच्यावर गेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की मुनीमसाहेबांना पाठवा. त्यांनी यांना सांगितलं, "तुमी माह्या सभेत माह्या मांगं उभे राहत जा. बोलाचं काई नाही. चष्मा लावाचा अन् मान हालवाची." झालं. लाल कोट गेला, पांढरा सदरा आला. भगवानराव पुढं बोलणार, हे मागं उभे राहून मान हलवणार. मी एकदा सभेला गेले तेव्हा पाहिलं, भगवानराव रस्त्याबद्दल काहीतरी मोठं बोलले आणि यांची मान सवयीनं हलली, पण भुवया वर गेल्या. मला तेव्हाच भीती वाटली होती. पक्ष कोणता ते लिहीत नाही. पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत तोच राहील याचा भरवसा नाही.

असं हे चाललं असताना भगवानरावांनीच तुमचं स्थळ आणलं. हे मी विसरत नाही, आणि तुम्हीही विसरू नका. बायोडाटात अकाउंटंट लिहिलं ते त्यांनीच. बँडचं का नाही लिहिलं म्हणून यांनी विचारलं, तर म्हणाले, मुनीमसाहेब, तुम्ही वाजवतच नव्हता, मग काय लिहायचं. तुम्ही मुलगी पाहायला आलात तेव्हा हे पांढऱ्या कपड्यात बसले होते आणि कारभारीअण्णांशी कपाशीच्या भावावर बोलले. दीपकनं छकुलीला एकच प्रश्न विचारला, की तुम्हाला पोहता येतं का. ती म्हणाली, विहिरीत येतं. तेवढ्यावर दोघं हसले. मला तेव्हाच स्थळ पसंत पडलं. बाकीचे पोहे खात होते.

मग पंचायत समितीची निवडणूक आली. भगवानराव उभे राहणार हे ठरलेलंच. आता निवडणुकीतही भरतीचा माणूस असतो हे मला नव्यानं कळलं. मुख्य माणसाचा अर्ज काही कारणानं बाद झाला तर हाताशी असावा म्हणून पक्ष आणखी एकाचा अर्ज भरून ठेवतो. डमी म्हणतात. त्यानं काही करायचं नसतं. मुख्य माणसाचा अर्ज पास झाला की याचा आपोआप गळतो. भगवानरावांना गावात असा एकच माणूस माहीत होता की ज्याला काहीही न करता रांगेत उभं राहता येतं. यांनी मला विचारलंसुद्धा नाही. सही करून आले आणि चहा मागितला.

आणि आली छाननी. तहसिलात सगळे उमेदवार ओळीनं बसले, समोर निवडणुकीच्या मॅडम. फकीरभाई खिडकीशी उभे होते, त्यांनी सांगितलं ते आणि यांनी स्वतः सांगितलं ते दोन्ही तंतोतंत जुळतं, म्हणून लिहिते. समोरचे उमेदवार पंजाबराव उठले आणि म्हणाले, "मॅडम, यायले तीन लेकरं हायेत. दोनाच्या वर असले तं उभं राहता येत नाही, असा कायदाच हाये." भगवानराव हसले. म्हणाले, "दोन पोरी हायेत मले. तिसरं असंल तं दाखवा." मॅडमनी पंजाबरावांना पुरावा मागितला. त्यांच्याजवळ काही नव्हतं. ते पिशवीत हात घालून उगाच चाचपत राहिले. विहीणबाई, तिथं संपलं होतं. मॅडमनी पेन उचललं होतं. आणि मागच्या खुर्चीतून आमच्या यांनी घसा खाकरला.

"मॅडम, माफ करा. तीन."

भगवानराव गर्रकन वळले. "मुनीमसाहेब, चूप बसा."

"साहेब, तिसऱ्याच्या बारशाला बँड आपलाच होता. घोडीवर तुम्ही होता."

"ते माह्या भावाचं पोरगं हाये!"

तर हे काय म्हणाले असतील? शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्हाला भाऊ कुठं आहे? तीन बहिणी आहेत."

खिडकीतून फकीरभाई हसले आणि त्यांना शिपायानं हाकललं. पंजाबरावांचा माणूस मोटरसायकलवर सुटला आणि दुपारपर्यंत जन्माचा दाखला घेऊन आला. भगवानरावांचा अर्ज बाद. मॅडमनी त्यांच्या जागी यांचं नाव वाचलं, तर हे मागं वळून पाहायला लागले, की उभं कोण राहतंय. संध्याकाळी घरी आले, पाय धुतले आणि म्हणाले, एक चूक होणार होती, वेळेवर सुधारली. मी म्हटलं, अहो ती सुधारली, पण तुमचं काय झालं ते कळलं का? म्हणाले, हो, त्याच्यावर मी विचार करून राह्यलो.

(तुमच्या वहिनीचं सांगायचं राहिलं. डिंपलवहिनीला कळलं, की नवऱ्यानं भर तहसिलात पोरगा भावाचा आहे म्हणून सांगितलं. तिनं विचारलं, पोरगा तुमच्या नसलेल्या भावाचा, मग मी कोणाची? तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नाही आणि ताटही वाढत नाही. अर्ज बाद झाल्याचं दुःख त्यांना आहे, पण फोनवर आवाज चढलेला वाटला असेल तर तो उपाशीपोटीचाही आहे.)

आता खरं काय झालं ते ऐका. दोन दिवस मी यांच्या मागं लागले होते, की अर्ज मागं घ्या. मला ही भानगड नको. पोरीचं लग्न तोंडावर आहे, मांडव घालायचा की सभा घ्यायच्या? आणि हेही तयार झाले होते, मागं घ्यायचा कागद समोर घेऊन बसले होते. तेवढ्यात भगवानरावांची जीप दारात आली. पाणी घेतलं नाही, चहा घेतला नाही. ओट्यावर उभ्यानं म्हणाले, "मी नाही तं कोणीच नाही. उद्या मांगं घ्या. नाही घेतला तं मी जळगाव जामोदले, पोरीच्या सासरी, एक फोन करतो. मंग ठेवा पोरगी घरातच, होऊ द्या म्हातारी." छकुली दाराच्या आड होती. तिनं ऐकलं.

विहीणबाई, ते म्हणाले "मागं घ्या", तेच मी दोन दिवस म्हणत होते. त्यांनी नुसतं तेवढं म्हटलं असतं तर मी त्यांना चहा पाजून वहिनीला हळदीकुंकवाचं बोलावणं दिलं असतं. पण पोरीचं नाव निघालं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "भगवानरावभाऊ, तुमी सोताचं पोरगं अर्जात लिव्हलं नाही, अन् माह्या पोरीचं काय लिव्हता?" ते तरातरा जीपकडं गेले. मी यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि सांगितलं, आता मागं घ्यायचा नाही. पडायचं तर पडा, पण निवडणुकीत पडा, या माणसाच्या पायावर नाही. हे म्हणाले, पण मला बोलता येत नाही. मी म्हटलं, शिका. बावीस वर्षं दुसऱ्याच्या जिनिंगात, चार वर्षं दुसऱ्याच्या वरातीत, दोन वर्षं दुसऱ्याच्या मागं. आता थोडं पुढं उभं राहा. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी कुठल्या दुसऱ्या बाईच्या आवाजात बोलले.

मागं घ्यायची मुदत गेली. भगवानरावांनी तुम्हाला फोन केला तो त्याच संध्याकाळी. इकडं यांनी पहिलं भाषण दिलं. लोक जमले होते, खरं सांगते, गंमत पाहायला. हे उभे राहिले आणि म्हणाले, "रस्ता करून देतो असं मी म्हणणार नाही. किती पैसे येतात ते पाहतो, मग सांगतो." टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. एक म्हातारा उठून म्हणाला, "हा काऊन असा बोलून राह्यला बे? याले पक्षानं काई शिकवलं नाही का?" पण कोणी घरी गेलं नाही. आवाज त्यातच बसला, कारण भोंगा लावलेला असूनही सवय नसल्यामुळं हे ओरडले.

तर नेमकं काय करतात याचं उत्तर हे असं आहे. दोन शब्दांत बसत नाही म्हणून एवढं लिहिलं. हात दुखला. आता तुम्ही सांगा. माझी छकुली तुम्ही पाहिली आहे, तिच्या हातचं खाल्लं आहे, पाया पडताना तिच्या डोक्यावर हात ठेवला आहे. तुमच्या भावानं स्थळ आणलं तेव्हाही हाच माणूस तिचा बाप होता, आणि आता मोडायला सांगतो तेव्हाही हाच आहे. सोयरीक तुम्हाला माझ्या घराशी करायची, की तुमच्या भावाच्या फोनशी? हो असेल तर हो म्हणा, नाही असेल तर नाही म्हणा. पण विचार करून राह्यलो असं नका म्हणू. विचार करायला आमच्या घरात एक माणूस आहे, तेवढा पुरे. पोरीला रोज सकाळी माझ्या तोंडाकडं पाहताना मला पाहवत नाही. कारभारीअण्णांना पुन्हा नमस्कार. गुडघ्याला तेल लावा.

तुमची (अजून तरी) विहीण
रुक्मिणी

ता. क. – सोयरीक मोडायचीच असेल तर कुंकवाची जांभळी साडी परत पाठवते. ब्लाऊज पाठवता येणार नाही, शिवून झाला आहे, आणि छकुलीच्या मापाची तुमच्याकडं कोणी नाही.

ता. क. दुसरा, रविवार – पत्र काल एसटीच्या कंडक्टरजवळ देणार होते, पण गाडीच आली नाही. बरं झालं, आणखी सांगायचं निघालं. डिंपलवहिनी पोराला कडेवर घेऊन आमच्या घरी आली आणि ओट्यावर गल्लीतल्या सगळ्या बायांपुढं म्हणाली, "हे पाहा, हे तिसरं माहंच हाये. अन् मत मी मुनीमभाऊलेच देते." तुमच्या भावाला हे तुम्ही सांगू नका. तिनं स्वतः सांगायचं ठरवलं आहे, फक्त बोलायला सुरुवात केली की.

ता. क. तिसरा, मंगळवार – विहीणबाई, बसून वाचा. तुम्हाला तुमचा दीपक अकोल्याला मित्राच्या लग्नाला गेला असं वाटतं ना? तो इथं आहे. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं आला. पाया पडला आणि म्हणाला, "मामी, आईले सांगू नका, मी सांगन." पण त्यानं अजून सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी सांगते, मला असं पोटात ठेवता येत नाही. तो येण्याच्या आदल्या दिवशीच आमच्या प्रचाराच्या ऑटोवरचा माइकवाला पंजाबरावांकडं पळाला होता. हे हातात माइक धरून नुसते त्या माइककडं पाहत बसले होते. दीपकनं तो त्यांच्या हातातून घेतला, ऑटोत बसला आणि पहिल्याच चौकात सुरू, "माझे सासरे मुनीमसाहेब यांना प्रचंड मतांनी..." मी हातातलं पीठ तसंच घेऊन ऑटोच्या मागं पळाले. ओरडले, "अरे जावईबापू, लग्न व्हायचं हाये अजून!" तर तो माइकमध्येच म्हणाला, "सासूबाई, येतो मंग, जेवाले ठेवा." सगळ्या गावानं ऐकलं. काल दिवसभर गणातली सगळी गावं झाली, प्रत्येक गावात सासरे म्हणाला, कुठं दोनदा. आज छकुली त्याच्या शेजारी बसून पत्रकं वाटते आहे आणि ताटातलं सगळं संपवते आहे.

म्हणजे आता तुम्हाला सोयरीक मोडायची असेल तर एक ऑटो करावा लागेल, भोंगा लावावा लागेल आणि त्याच सगळ्या गावांतून फिरून सांगावं लागेल. गुडघ्याला झेपणार नाही. तेव्हा तसं काही करू नका. माझं एवढंच काम होतं, की पोरगा अंगावरच्या कपड्यांवर आला आहे. यांचे सदरे त्याला दंडात बसत नाहीत. त्याचे दोन-तीन शर्ट पाठवा. पाठवायला कोणी नसेल तर तुम्हीच घेऊन या, पंचांगही सोबत घ्या, आणि लवकर या. एकच शर्ट आहे आणि तो रोज मला धुवावा लागतो.